सामायिक होस्टिंगवर महाविद्यालयाचे वेब ॲप्लिकेशन चालते ठेवणे : मर्यादा, उपाय आणि जबाबदारी
(वसई-विरार परिसरातील महाविद्यालयांच्या संदर्भात)

सारांश : महाविद्यालयांची संकेतस्थळे व त्यांवरील वेब ॲप्लिकेशन्स बहुधा अल्प खर्चाच्या सामायिक होस्टिंगवर चालतात. या व्यवस्थेच्या मर्यादा निश्चित, मोजता येण्याजोग्या आणि आधी माहीत करून घेता येण्याजोग्या असतात. त्या न ओळखता रचलेली आज्ञावली नेमक्या गरजेच्या दिवशी बंद पडते अथवा, त्याहून गंभीर म्हणजे, चालू राहून चुकीची नोंद करते. प्रस्तुत लेखात या मर्यादांचे स्वरूप, त्यांत राहून काम करण्याच्या पद्धती आणि संस्थेची जबाबदारी यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : सामायिक होस्टिंग, वेब ॲप्लिकेशन, संसाधन-मर्यादा, देवनागरी डेटाबेस, प्रतिलिपी, डोमेन.

१. प्रस्तावना

महाविद्यालयाचे संकेतस्थळ ही आता माहितीपुस्तिकेची केवळ संगणकीय आवृत्ती राहिलेली नाही. प्रवेश अर्ज, अंतर्गत गुणांची नोंद, विद्यार्थी अभिप्राय, तक्रार निवारण आणि माजी विद्यार्थ्यांची नोंदणी ही कामे त्यावर चालतात. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेने, म्हणजेच नॅकने, २०१७ मध्ये सुधारित कार्यपद्धती आणल्यानंतर संख्यात्मक निकषांचे पुरावे संकेतस्थळावर उपलब्ध ठेवण्याची सवय महाविद्यालयांना लागली. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ४ नुसार स्वतःहून प्रकट करावयाच्या माहितीसाठीही संकेतस्थळ हेच सोयीचे साधन आहे. म्हणजे संकेतस्थळ बंद पडणे ही आता गैरसोय नसून कार्यालयाचे दार बंद असण्यासारखी बाब आहे.

वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी अस्तित्वात आली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा परिसर नव्या पालघर जिल्ह्यात समाविष्ट झाला. २०११ च्या जनगणनेनुसार या शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. येथील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. नोकरी सांभाळून शिकणारा, लोकलच्या प्रवासात भ्रमणध्वनीवरून अर्ज भरणारा विद्यार्थी येथे अपरिचित नाही. अशा विद्यार्थ्याला अंतिम मुदतीच्या रात्री अर्जाचे पान न उघडणे म्हणजे एक वर्ष हातचे जाण्याची शक्यता होय.

२. उद्दिष्टे

(१) सामायिक होस्टिंग ही संकल्पना व तिच्या मर्यादा संगणकशास्त्राबाहेरील प्राध्यापकांनाही समजतील अशा रीतीने स्पष्ट करणे.
(२) या मर्यादांमध्ये राहून वेब ॲप्लिकेशन चालते ठेवण्याच्या पद्धती सांगणे.
(३) संस्थेने स्वतःकडे ठेवावयाच्या जबाबदाऱ्या निश्चित करणे.

३. सामायिक होस्टिंग : संकल्पना आणि निवडीची कारणे

सामायिक होस्टिंग म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक, बहुधा शेकडो, ग्राहकांची संकेतस्थळे ठेवणे. प्रोसेसर, स्मृती, डिस्क आणि पुष्कळदा आयपी पत्ताही सर्वांचा एकच असतो. ग्राहकाला सीपॅनेलसारख्या नियंत्रण-पटलातून फाइली, डेटाबेस व ईमेल हाताळता येतात. सर्व्हरचे मूळ अधिकार मात्र सेवादात्याकडेच राहतात. आपल्या पसंतीची प्रणाली बसविणे, सतत चालणारी आज्ञावली मागे ठेवणे किंवा सर्व्हर पुन्हा सुरू करणे ग्राहकाला शक्य नसते. गृहनिर्माण संस्थेतील सदनिकाधारक आपल्या घरात हवे ते सामान ठेवू शकतो. इमारतीच्या पंपाला हात लावू शकत नाही, तशीच ही स्थिती आहे.

मग महाविद्यालयाने स्वतःच्या आवारातच सर्व्हर का ठेवू नये? त्याचे उत्तर या परिसराच्या अनुभवात आहे. १० जुलै २०१८ रोजी मुसळधार पावसाने वसई-विरार परिसर जलमय झाला, नालासोपाऱ्याजवळ रुळांवर पाणी साचल्याने पश्चिम रेल्वेची वाहतूक विस्कळीत झाली आणि अनेक भागांतील वीजपुरवठा खंडित झाला. जुलै हा प्रवेशप्रक्रियेचाही काळ असतो. पुढे १२ ऑक्टोबर २०२० रोजी वीजवहनातील बिघाडामुळे मुंबई महानगर क्षेत्रातील मोठ्या भागाचा पुरवठा बंद पडला आणि मुंबई विद्यापीठाच्या त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. अखंड वीज, वातानुकूलन, दोन स्वतंत्र इंटरनेट जोडण्या आणि रात्रपाळीचा तंत्रज्ञ यांचा खर्च एका महाविद्यालयाला पेलणारा नाही. अल्प वार्षिक शुल्कात हे सर्व पुरविणारे सामायिक होस्टिंग म्हणूनच विवेकाची निवड ठरते. दोष तिच्या निवडीत नसून तिच्या अटी न वाचण्यात आहे.

४. मर्यादांचे स्वरूप

जाहिरातीत 'अमर्याद जागा' आणि 'अमर्याद वापर' असे शब्द आढळतात. प्रत्यक्षात एका ग्राहकाच्या वापरामुळे इतरांची संकेतस्थळे मंदावू नयेत म्हणून प्रत्येक खात्याला कुंपण घातलेले असते. या कामासाठी अनेक सेवादाते २०१० पासून उपलब्ध असलेली क्लाउडलिनक्स ही प्रणाली वापरतात. तिच्या मूळ मांडणीत एका खात्याला प्रोसेसरच्या एका गाभ्याइतकी शक्ती, १ जीबी स्मृती, डिस्कसाठी सेकंदाला १ एमबी वेग आणि एका वेळी २० प्रवेश-प्रक्रिया एवढा वाटा मिळतो. सेवादाता योजनेनुसार हे आकडे बदलू शकतो. तथापि आकडा असतोच.

(अ) एकाच वेळी चालणाऱ्या प्रक्रिया : या मर्यादेचा अर्थ साध्या अंकगणिताने कळतो. एक पान तयार होण्यास ४ सेकंद लागत असतील, तर २० प्रक्रियांच्या मर्यादेत सेकंदाला ५, म्हणजे मिनिटाला ३०० पानेच देता येतात. तेच पान अर्ध्या सेकंदात तयार झाले तर मिनिटाला २,४०० पानांपर्यंत मजल जाते. प्रोसेसरचा वाटा अपुरा पडल्यास हा आकडा अर्थातच खाली येतो. मर्यादा ओलांडली की विनंती रांगेत उभी राहत नाही; ती नाकारली जाते आणि पडद्यावर ५०८ क्रमांकाची सूचना दिसते. ती पाहून विद्यार्थी पुनःपुन्हा पान उघडू पाहतो आणि भार आणखी वाढतो. यावरून स्पष्ट होते की महाविद्यालयाच्या हाती असलेला खरा उपाय म्हणजे पान तयार होण्याचा वेळ कमी करणे.

(आ) वेळ आणि स्मृती : पीएचपी या भाषेच्या मूळ मांडणीत एका आज्ञावलीला ३० सेकंद वेळ आणि १२८ एमबी स्मृती मिळते. १२० विद्यार्थ्यांच्या तुकडीची गुणपत्रके एकाच दाबासरशी पीडीएफ स्वरूपात तयार करू पाहणारी आज्ञावली या मर्यादेत मध्येच थांबू शकते. अर्धी गुणपत्रके झाली, अर्धी राहिली आणि कोणती झाली याची नोंद नाही, अशी अवस्था त्यातून निर्माण होते.

(इ) अर्जातील रकान्यांची संख्या : ही मर्यादा सर्वांत कमी परिचित आणि प्राध्यापकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. पीएचपीच्या ५.३.९ या आवृत्तीपासून एका अर्जातून जास्तीत जास्त १,००० रकाने स्वीकारण्याची मूळ मर्यादा आहे. १२० विद्यार्थ्यांच्या तुकडीसाठी प्रत्येकी ९ रकाने असलेले गुणांचे एकच पान केले, तर एकूण १,०८० रकाने होतात. 'जतन करा' हे बटण दाबल्यावर पहिले १,००० स्वीकारले जातात आणि उरलेले ८० गळतात. याची सूचना सर्व्हरच्या त्रुटी-नोंदीत जाते, प्राध्यापकाच्या पडद्यावर बहुधा येत नाही. म्हणजे यादीच्या शेवटच्या आठ-नऊ विद्यार्थ्यांचे गुण नोंदले गेलेच नाहीत, हे निकालाच्या दिवशी समजते. पान पंचवीस-तीस विद्यार्थ्यांच्या गटांत विभागणे आणि जतन झालेल्या नोंदींची संख्या पडद्यावर दाखविणे, एवढ्याने हा धोका टळतो.

(ई) फाइलींचा आकार आणि संख्या : पीएचपीच्या मूळ मांडणीत चढविता येणाऱ्या फाइलीचा आकार २ एमबी आणि संपूर्ण अर्जाचा आकार ८ एमबी इतकाच असतो. भ्रमणध्वनीने टिपलेले गुणपत्रिकेचे छायाचित्र याहून सहज मोठे असते. तसेच जागा 'अमर्याद' असली तरी फाइलींची संख्या मर्यादित असते. टाकाऊ तात्पुरत्या फाइली, न वाचलेले ईमेल आणि जुन्या प्रतिलिपी यांनी ती मर्यादा भरते आणि नवीन अर्ज स्वीकारणे थांबते.

(उ) ईमेल : सामायिक सर्व्हरवरून ताशी किती संदेश पाठवावेत यालाही मर्यादा असते. समजा ती ताशी २०० असेल, तर १,२०० पालकांपर्यंत सूचना पोहोचण्यास सहा तास लागतील. शिवाय आयपी पत्ता सामायिक असल्याने शेजारच्या ग्राहकाने केलेल्या नको त्या प्रचाराची शिक्षा आपल्या संदेशांनाही मिळते. गुगलने फेब्रुवारी २०२४ पासून प्रेषकाच्या अधिकृततेचे नियम कडक केले आहेत. त्यामुळे डोमेनच्या नोंदींमध्ये एसपीएफ व डीकेआयएम यांची मांडणी नसल्यास महाविद्यालयाचे पत्र 'स्पॅम' कप्प्यात जाणे किंवा परत येणे संभवते.

५. मर्यादेत राहून काम करण्याच्या पद्धती

(१) साठवलेली पाने : वसई-विरारच्या रहिवाशाला पाण्याचा हिशेब शिकवावा लागत नाही. पाणी येते तेव्हा टाकी भरून घ्यायची आणि दिवसभर वापरायची, ही रीत घरोघर पाळली जाते. संगणकशास्त्रातील कॅशे ही संकल्पना हीच होय. सूचनाफलक, वेळापत्रक, गुणवत्ता यादी ही पाने प्रत्येक भेटीला डेटाबेसमधून नव्याने बनविण्याचे कारण नाही. मजकूर बदलला की एकदा साधे एचटीएमएल पान तयार करून ठेवावे आणि सर्वांना तेच द्यावे. अशा पानासाठी पीएचपी वा डेटाबेस यांची गरजच पडत नाही. मात्र वैयक्तिक गुण, पत्ता किंवा जातीचा तपशील असलेले पान अशा सामायिक साठ्यात ठेवू नये. एकाचे पान दुसऱ्याला दिसण्याचा संभव असतो.

(२) अनुक्रमणिका : हजारो नोंदींतून एक आसनक्रमांक शोधताना डेटाबेसला अनुक्रमणिका उपलब्ध नसेल, तर तो प्रत्येक नोंद तपासतो. ज्या रकान्यावरून शोध होतो त्यावर अनुक्रमणिका तयार करणे हे काही मिनिटांचे काम असून पान तयार होण्याच्या वेळेत त्याने मोठा फरक पडतो.

(३) मोठे काम लहान तुकड्यांत : गुणपत्रके बनविणे, संदेश पाठविणे अशी कामे एका तक्त्यात 'प्रलंबित' म्हणून नोंदवावीत. क्रॉन या ठरावीक वेळी आज्ञावली चालविणाऱ्या सोयीने दर वेळी वीस-पंचवीस कामे उचलावीत आणि प्रत्येक काम पूर्ण होताच तशी नोंद करावी. आज्ञावली मध्येच थांबली तरी पुढच्या वेळी ती राहिलेल्या कामापासून सुरू होते. काही सेवादात्यांकडे क्रॉनमध्ये पाच किंवा पंधरा मिनिटांपेक्षा कमी अंतर ठेवता येत नाही. तुकड्याचा आकार त्यानुसार ठरवावा.

(४) गर्दीचे नियोजन : १६ जुलै २०२१ रोजी राज्य मंडळाचा इयत्ता दहावीचा निकाल जाहीर झाला, तेव्हा १५ लाखांहून अधिक विद्यार्थी एकाच वेळी निकाल पाहू लागल्याने संकेतस्थळे काही तास कोलमडली होती. राज्यस्तरीय यंत्रणेची ही स्थिती, तर सामायिक होस्टिंगवरील संकेतस्थळाकडून काय अपेक्षा करावी? येथे तांत्रिक उपायापेक्षा प्रशासकीय उपाय अधिक परिणामकारक ठरतो. कला, वाणिज्य व विज्ञान शाखांच्या याद्या वेगवेगळ्या वेळी लावणे, अर्जाची मुदत शाखानिहाय वेगळी ठेवणे आणि मुदत मध्यरात्रीऐवजी कार्यालय चालू असताना संपविणे, यासाठी एक पैसाही खर्च होत नाही.

(५) नोंदींचे वाचन : नियंत्रण-पटलावर संसाधनांच्या वापराचा आलेख आणि त्रुटी-नोंद उपलब्ध असते. आठवड्यातून एकदा ती पाहिली, तर कोणते पान मर्यादेच्या जवळ पोहोचले आहे हे गर्दीच्या दिवसापूर्वीच कळते.

६. देवनागरी मजकुराचा प्रश्न

मराठी नावे साठविणाऱ्या संस्थांसमोर आणखी एक अडचण असते. मायएसक्यूएल या डेटाबेसची ८.० पूर्वीच्या आवृत्त्यांतील मूळ अक्षरसंहिता लॅटिन लिपीसाठीची होती. ती न बदलता तक्ता तयार केला, तर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. अशा रीतीने साठवलेले प्रश्नचिन्ह पुन्हा नाव होत नाही; मूळ मजकूर कायमचा गेलेला असतो. तक्ता, डेटाबेसची जोडणी आणि वेबपान या तिन्ही ठिकाणी यूटीएफ-८ ही एकच संहिता असणे म्हणून आवश्यक आहे. सर्व्हर बदलताना घेतलेली प्रतिलिपी वेगळ्या संहितेत उतरविली तरी हाच अपघात घडतो.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'विद्यार्थी' या शब्दात मात्रा व हलन्त धरून १० चिन्हे आहेत, म्हणजे ३० बाइट. डेटाबेसच्या जुन्या मांडणीत अनुक्रमणिकेसाठी ७६७ बाइटांची मर्यादा होती. प्रत्येक चिन्हाला चार बाइट राखून ठेवणारी यूटीएफ-८ एमबी-४ ही संहिता घेतल्यास २५५ चिन्हांच्या रकान्यावर अनुक्रमणिका बनत नाही, १९१ चिन्हांवर बनते. याशिवाय कार्यालयातील जुन्या याद्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलिखित असतात. त्या वरवर मराठी दिसल्या तरी डेटाबेसमध्ये लॅटिन अक्षरांचा गुंता म्हणूनच जातात. त्या आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून, मूळ दाखल्याशी ताडून मगच चढवाव्यात.

७. आवृत्ती, प्रमाणपत्र आणि प्रतिलिपी

सामायिक सर्व्हरवरील पीएचपीची आवृत्ती सेवादाता ठरवितो. डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७.० मधून डेटाबेसशी जोडणी करणारी जुनी फलने काढून टाकण्यात आली. पीएचपी ५.६ चा आधार २०१८ च्या अखेरीस आणि ७.४ चा नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला. त्यामुळे दहा-पंधरा वर्षांपूर्वी लिहून घेतलेली, काहीही न बदललेली आज्ञावली एखाद्या सकाळी कोरे पान दाखवू लागते. आज्ञावली बिघडलेली नसते. तिच्या पायाखालची जमीन सरकलेली असते. जुन्या आवृत्तीवर अडून राहणे हा उपाय नव्हे, कारण तिच्यातील सुरक्षा-त्रुटी दुरुस्त होणे थांबलेले असते. नवी आवृत्ती उपडोमेनवर आधी तपासून घेणे हाच मार्ग होय.

सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेमुळे २०१५ च्या अखेरीपासून विनामूल्य मिळू लागले. नूतनीकरण आपोआप होते असे गृहीत न धरता मुदतीची तारीख अधूनमधून पाहावी.

सेवादाता प्रतिलिपी ठेवतो, या समजुतीवर विसंबणे धोक्याचे आहे. डेटाबेस व फाइलींची एक प्रत सर्व्हरवर, एक अन्य ऑनलाइन साठवणीत आणि एक महाविद्यालयात असावी. महाविद्यालयातील प्रत तळमजल्यावरील कपाटात ठेवू नये. २०१८ च्या पुराने दिलेला हा साधा धडा आहे. प्रत घेणे पुरेसे नसून सत्रातून एकदा तरी ती दुसरीकडे उतरवून, मराठी नावे नीट दिसतात का, नोंदींची संख्या जुळते का, हे पाहिले पाहिजे. न तपासलेली प्रतिलिपी ही केवळ आशा असते.

कायद्याची बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविण्याची आणि नोंदी १८० दिवस जपण्याची तरतूद आहे. सामायिक होस्टिंगवरील नोंदी पुष्कळदा थोड्याच काळात पुसल्या जातात, म्हणून त्या उतरवून ठेवण्याची सोय चालू करावी. २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाचा रोखही स्पष्ट आहे : कामापुरतीच माहिती गोळा करावी आणि काम संपल्यावर ती राखू नये.

८. ताबा आणि जबाबदारी

तांत्रिक कारणांइतकेच महत्त्वाचे कारण म्हणजे ताब्याची अनिश्चितता. डोमेन कोणाच्या नावावर आहे, नूतनीकरणाची सूचना कोणाच्या ईमेलवर जाते, पासवर्ड कोणाकडे आहेत, या प्रश्नांची उत्तरे कार्यालयात लेखी नसतील, तर कंत्राटी कर्मचारी सोडून गेल्यावर किंवा आज्ञावली लिहिणाऱ्याचा व्यवसाय बंद झाल्यावर संस्था स्वतःच्याच दाराबाहेर उभी राहते. शैक्षणिक संस्थांसाठीच्या 'एसी डॉट इन' व 'ईडीयू डॉट इन' या डोमेनांची नोंदणी अर्नेट इंडियामार्फत संस्थेच्या नावाने होते. संस्थेने त्यांनाच प्राधान्य द्यावे.

महाविद्यालयात टेबल-खुर्चीची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये होते आणि दरवर्षी पडताळणीही होते. डोमेन, होस्टिंग खाते, प्रमाणपत्र, डेटाबेस आणि आज्ञावलीची मूळ प्रत यांचीही तशीच नोंद व वार्षिक पडताळणी व्हावी. सर्व सूचना व्यक्तीच्या नव्हे, तर प्राचार्यांच्या पदनामाच्या ईमेलवर याव्यात.

९. सामायिक होस्टिंग केव्हा सोडावे?

वरील सर्व उपाय योजूनही वापराचा आलेख सामान्य दिवशीच मर्यादेला टेकत असेल, अथवा शेकडो विद्यार्थ्यांची परीक्षा एकाच क्षणी ऑनलाइन घ्यावयाची असेल, तर सामायिक होस्टिंग अपुरे आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा महाविद्यालयांच्या समूहांमार्फत ऑनलाइन झाल्या, तेव्हा सर्व महाविद्यालयांना हा प्रश्न जवळून दिसला. अशा कामासाठी स्वतंत्र आभासी सर्व्हर किंवा परीक्षेपुरती सेवा घेणे इष्ट. तथापि आभासी सर्व्हरबरोबर मूळ अधिकार मिळतात, तशीच प्रणाली अद्ययावत ठेवण्याची व घुसखोरी रोखण्याची जबाबदारीही येते. ती पेलणारा जाणकार कायम उपलब्ध नसेल, तर महागडा पण बेवारस सर्व्हर स्वस्त व राखलेल्या सामायिक खात्यापेक्षा अधिक धोक्याचा ठरतो.

१०. निष्कर्ष

१) सामायिक होस्टिंगच्या मर्यादा निश्चित असतात, खरेदीपूर्वी त्या सेवादात्याकडून लेखी घ्याव्यात.
२) पान तयार होण्याचा वेळ कमी करणे हा क्षमता वाढविण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.
३) बंद पडणाऱ्या आज्ञावलीपेक्षा गुपचूप नोंदी गाळणारी आज्ञावली अधिक घातक असते; गुणनोंदणीची पाने लहान ठेवून नोंदींची संख्या पडताळावी.
४) देवनागरी मजकुरासाठी सर्वत्र एकच युनिकोड संहिता असावी.
५) डोमेन, पासवर्ड व प्रतिलिपी यांचा ताबा संस्थेकडे असावा आणि त्याची वार्षिक पडताळणी व्हावी.

या पाचांपैकी बहुतेक गोष्टींना मोठा निधी लागत नाही; लागतो तो नियमितपणा. प्रत्येक महाविद्यालयाने एक प्राध्यापक व एक कार्यालयीन कर्मचारी यांच्यावर हे काम नावानिशी सोपवावे आणि त्यासाठी कार्यभारात वेळ राखावा. संकेतस्थळावरील प्रत्येक नोंदीमागे एक विद्यार्थी असतो. यादीच्या शेवटी नाव आहे म्हणून त्याचे गुण गळू नयेत, एवढी काळजी घेणे हा अध्यापनाच्या कर्तव्याचाच भाग मानला पाहिजे.